टेंभुर्णीला टेंभुर्णी लावा

पुणे–सोलापूर महामार्गावरचं टेंभुर्णी सगळ्यांना ठाऊक असतं; टेंभुर्णीचं झाड दाखवा म्हटलं, तर मात्र माणसं थबकतात. विदर्भात यालाच तेंदू म्हणतात. सोलापुरात हजारो बायका ज्या पानात तंबाखू भरून विड्या वळतात, ते पान याच झाडाचं. 2006 साली सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी 10 हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. इतके संसार ज्या पानाच्या कामावर चालले, ते झाड आपल्या ओळखीचं असायलाच हवं.

ओळखायचं तर आधी खोड पाहावं. साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनी खपल्यांत फुटलेली, सुसरीच्या पाठीसारखी. कोवळ्या पानावर तांबूस लव, जून पान जाड आणि चिवट. उन्हाळ्यात फळं पिवळी होतात. देठाशी हिरवी टोपी घट्ट बसलेली असते. कच्चं फळ तुरट, पिकल्यावर गर गोड आणि चिकट. झाड तोडलं तरी मुळांतून पुन्हा फुटवे येतात, म्हणून माळरानावर ते बरेचदा झुडपाच्या रूपातच भेटतं.

लावायचं तर ताजी बी पावसाच्या तोंडावर, जिथं झाड हवं तिथंच टोचावी. सुरुवातीला वर फारसं काही दिसत नाही, कारण सगळा जोर सोटमूळ खोल नेण्यात खर्च होतो. पिशवीतलं रोप लावताना ते मूळ दुखावलं, की रोप सहसा तगत नाही. शिवाय नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या झाडांवर येतात. फळं हवी असतील, तर एकटं झाड पुरत नाही, चार-सहा जवळपास लागतात.

वृक्षारोपणात आपल्याला घाई असते. लगेच वाढणारं, लगेच दिसणारं रोप आपण निवडतो आणि हळू वाढणारी देशी झाडं मागे पडतात. पण आधी मुळं खोल नेणं ही या झाडाची कमजोरी नव्हे. कोरड्या मुलखात टिकण्याची ती रीत आहे. माणसाच्या कामालाही हीच रीत लागू पडते: पाया धरेपर्यंत दिसण्याची घाई करू नये.

येत्या मृगात शाळेच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर टेंभुर्णीच्या पाच-सहा बिया लावा. शेळ्यांपासून राखा, पहिले दोन उन्हाळे पाणी घाला आणि मुलांना ते झाड नावानिशी दाखवा.