अक्षहृदय आणि यंत्रहृदय

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळराजाचे आख्यान सांगतात. द्यूतात राज्य गमावलेला नळ ऋतुपर्णाचा सारथी होतो, अश्वविद्येच्या बदल्यात त्याच्याकडून ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांचे मर्म शिकतो आणि त्याच खेळात राज्य परत मिळवतो. हे ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की, हरणाऱ्यापाशी उणीव असते ती केवळ विद्येची. मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर किंवा पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रापुढे बसणाराही बहुधा हीच आशा बाळगून असतो. ती कितपत खरी आहे, आणि ती खोटी असेल तर तिच्यावर व्यापार उभारणे न्याय्य आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपल्या ओळखीचा खेळ घेऊ. पेडणे-डिचोलीकडच्या जत्रांत दशावतारी नाटक रंगात आले असता, मंडपापलीकडे कोठेतरी जुगाराचा पट मांडलेला असे, हे जुन्या माणसांना सांगावयास नको. समजा, पटावर सहा चित्रे आहेत आणि तीच सहा चित्रे असलेले तीन फासे आहेत. आपण एका चित्रावर रुपया लावला. ते जितक्या फाशांवर येईल तितके रुपये आपल्याला मिळतात, मुळीच न आल्यास रुपया जातो. फासे तीन, चित्रे सहा. तेव्हा डाव निम्मानिम्मा आहे, असे कोणालाही वाटेल. पण तीन फाशांच्या एकंदर २१६ मांडण्यांपैकी १२५ मध्ये आपले चित्र येतच नाही. ७५ मध्ये एकदा, १५ मध्ये दोनदा आणि अवघ्या एकीत तिनदा येते. म्हणजे मिळकत १०८, गमावणी १२५. दर २१६ रुपयांमागे १७ रुपये पटवाल्याचे, आणि तेही लबाडीवाचून.

यंत्राचे गणित याच जातीचे आहे. फरक इतकाच की ते दृष्टीआड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे याने तीन चाकांचे यंत्र घडवले, तेव्हा निदान चाके खरी होती. आजच्या यंत्रात एक चिप अखंड आकडे काढीत असते. कळ दाबल्या क्षणीचा आकडा निकाल ठरवतो. त्यानंतर चित्रे फिरतात ती केवळ शोभेसाठी. १९८४ साली टेलनेस याला मिळालेल्या अमेरिकन पेटंटाने तर चाकावर दिसणाऱ्या चित्रांची संख्या आणि ती येण्याची शक्यता यांची फारकत केली. चाकावर विसांत एक दिसणारे चित्र प्रत्यक्षात कितीतरी क्वचित जुळते, आणि ‘थोडक्यात हुकले’ हा भास मात्र वारंवार होतो. ‘फार वेळ दिले नाही, आता देईल’ हा हिशेबही व्यर्थ होय, कारण मागचे डाव यंत्राच्या ध्यानी नसतात. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ मध्ये पत्त्यांच्या ब्लॅकजॅकसाठी युक्ती प्रसिद्ध केली, ती चालली; कारण गेलेले पान जोडात परत येत नाही. येथे तसे काहीच जात नाही. दर डावाला दहा रुपये, तासाला सहाशे डाव आणि मालकाचा वाटा शेकडा पाच धरला, तर सरासरीने ताशी तीनशे रुपये जाणार. पैज लहान ठेवावी, सावकाश खेळावे, वेळीच उठावे. एवढीच काय ती युक्ती. तिने तोटा मंदावतो, उलटत नाही.

यावर कोणी म्हणेल, नाटकाच्या तिकिटाचे पैसे तरी कोठे परत मिळतात? करमणुकीचे मोल म्हणून खेळणारा ते देत असेल, तर इतरांनी का बोलावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु तिकिटावर किंमत छापलेली असते. करार कायद्याच्या दृष्टीने, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती. येथे मालक विकतो ते ठरीव गणित. घेणारा समजतो की आपण झुंज खेळत आहोत. अर्थ दोन आणि व्यवहार एक, अशा ठिकाणी कायद्याचे समाधान झाले तरी नीतीचे होत नाही.

आणि कायद्याचे तरी मन एक आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले. गोव्यात १९७६ च्या कायद्याने सार्वजनिक जुगार गुन्हा ठरला. पण १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळांना परवान्याची वाट मोकळी झाली. पटवाल्याला कोठडी आणि यंत्रवाल्याला परवाना! पुढे फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास बंदी झाली. जे घरच्या माणसाला अपायकारक म्हणून वर्ज्य, ते पाहुण्याला वाढून त्यावर कर घ्यावा, ही रीत आपल्या आतिथ्याला शोभत नाही. सर्वांना सारखी बंदी तरी असावी. नपेक्षा ताशी सरासरी तोटा प्रत्येक यंत्रावर ठळक अक्षरांत लिहिलेला तरी असावा. तो वाचून जो खेळेल, त्याच्याच संमतीला संमती म्हणता येईल.

बृहदश्वांनी युधिष्ठिरालाही शेवटी अक्षहृदय दिले. मात्र ते घेऊन तो राज्यासाठी कौरवांशी पुन्हा द्यूतास बसला नाही.