शाबासकीचें मोल

परवां दादरच्या शिवाजी पार्कवर सायंकाळीं फिरत असतां एका दहा-बारा वर्षांच्या मुलाचा त्रिफळा उडालेला पाहिला. शिकविणारे गृहस्थ सर्वांदेखत म्हणाले, "तुझ्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं!" मुलगा बॅट ओढीत बाजूस गेला. मला वाईट वाटलें आणि थोडी लाजहि वाटली. कारण घरीं गणिताची वही पाहतांना हेंच वाक्य मीं पुष्कळदां उच्चारलें आहे.

महाभारतांत कर्णाचा सारथि झालेला शल्य ऐन युद्धांत त्याचा पाणउतारा करीत राहतो. तसें करण्याचें वचन त्यानें युधिष्ठिरास आधींच दिलेलें असतें. यास तेजोवध म्हणतात. जें शस्त्र पांडवांनीं शत्रूवर योजिलें, तेंच आपण शिस्तीच्या नांवाखालीं स्वतःच्या मुलांवर चालवावें काय?

यावर कोणी म्हणेल कीं, याच मैदानावर रमाकांत आचरेकरांनीं सचिन तेंडुलकरांस घडविलें, पण 'छान खेळलास' असें कधीं म्हटलें नाहीं. गोष्ट खरी आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडे मैदानावर निरोप घेतांना तेंडुलकरांनींच ती सांगितली. शिष्यानें अल्पसंतुष्ट होऊं नये, हा गुरूंचा हेतु. परंतु हेच गुरु त्यांस स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत; बाद करील त्या गोलंदाजाचें तें, आणि कोणीच बाद न केलें तर सचिनचें. अशीं तेरा नाणीं तेंडुलकरांनीं जपून ठेविलीं आहेत. गुरूंचें तोंड मिटलेलें होतें. रुपया मात्र बोलत होता. आणि तरीहि त्या निरोपाच्या भाषणांत, आतां पुढें सामने नाहींत, तेव्हां सरांनीं एकदां शाबासकी द्यावयास हरकत नाहीं, असें शिष्य म्हणालाच. एवढ्या कीर्तीनंतरहि तो एक शब्द हवासा वाटत होता!

याचा अर्थ खोटी स्तुति करावी असा नव्हे. चुकलेल्या फटक्यास उत्तम म्हणणें हीहि मुलाची फसवणूकच. "पाय चेंडूपर्यंत पोंचला नाहीं, पुढच्या वेळीं पोंचव," या साध्या वाक्यांत दोष आहे, उपाय आहे आणि विश्वासहि आहे. 'तुझ्या हातून होणार नाहीं' यांत केवळ निकाल आहे.

आचरेकरांच्या मौनाचें अनुकरण सोपें आहे. त्यांच्या रुपयाचें अनुकरण करावयाचें, तर मुलाच्या खेळाकडे तासन्‌तास पाहत उन्हांत उभें राहावें लागतें.