पोतं कुणी भरलं?

तुमचं ज्ञान खरं आहे याची खात्री प्रमाणं देतात, ठीक; पण त्या प्रमाणांची खात्री कोण देणार? बौद्ध आचार्य नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त न्यायदर्शनाच्या नैयायिकांना असं कोंडीत पकडलं. दुसरं प्रमाण पुढे केलं की त्याला तिसरं लागतं, तिसऱ्याला चौथं. दर्शनकार याला अनवस्था म्हणतात. आमच्या धंद्यात तिला तोंड देणं रोजचं काम आहे.

मी सोन्याचा परीक्षक. दागिन्यांचा नव्हे, खडकाचा. घराणं विट्याकडचं, गलाईवाल्यांचं. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यांतलेच आम्ही. आमच्या अण्णांच्या दुकानात सख्ख्या मेव्हण्याने आणलेल्या लगडीचाही टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, निघायचा आणि मेव्हणा तिथेच बसून चहा प्यायचा. आपल्यावर संशय घेतला, असं त्याला वाटायचं नाही. श्रद्धा आणि पडताळणी यांचं वैर असतं हे मला कधी पटलं नाही, ते त्यामुळेच. (टंच काढू न देणारं गिऱ्हाईक आलं, तर मात्र अण्णा भट्टी बंद आहे म्हणून सांगत.)

खाणकंपनीचा खडक पिठासारखा दळून येतो. त्यातले तीस ग्रॅम घ्यायचे. मुरदाडशिंग, सोडा, टाकणखार आणि चिमूटभर चांदी घालून मुशीत वितळवायचे. शिसं तळाला जाताना सोनं-चांदी गोळा करून नेतं. मग तो शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत तापवला की वाटी शिसं पिऊन टाकते आणि चांदी-सोन्याचा मणी उरतो. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळते. राहतं ते सोनं. टनाला एक ग्रॅम सोनं असलेल्या खडकात ते किती असेल? तीस मायक्रोग्रॅम. डोळ्यांना धड दिसत नाही, आणि त्यावर डोंगराची किंमत ठरते.

म्हणून कंपनीने तिऱ्हाईत पडताळणी मागितली की आम्ही तिच्या नमुन्यांच्या रांगेत आमच्याही काही पुड्या घुसवतो. एखादीत सोनं नसलेली गारगोटी, एखादीत सोन्याचं प्रमाण आधीच ठरलेली प्रमाणित पूड, एखादीत आधीच्याच नमुन्याचा दुसरा वाटा. क्रमांक इतरांसारखेच, त्यामुळे भट्टीवरच्या माणसाला ओळखू येत नाही. गारगोटीत सोनं निघालं तर प्रयोगशाळेचं भांडं मळलेलं. आता नागार्जुन विचारणारच: प्रमाणित पुडीचं प्रमाण कुणी ठरवलं? अनेक प्रयोगशाळांनी, एकमेकींना न विचारता. आणि त्या प्रयोगशाळा विश्वासाच्या कशावरून? आधीच्या अशाच पुड्यांवरून.

हे चक्र आहे हे मला मान्य आहे. पण ते दुष्टचक्र आहे असं मला वाटत नाही, आणि इथे न्यायसूत्रकार गौतम माझ्या बाजूने उभा आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो तराजूचा दाखला देतो, आणि वात्स्यायनाने भाष्यात तो उलगडताना नेमकं सोनंच घेतलं आहे. सोनं तोलतो तेव्हा तराजू प्रमाण आणि सोनं प्रमेय. पण वजन माहीत असलेल्या सोन्याने दुसरा तराजू तपासतो तेव्हा सोनं प्रमाण होतं आणि तराजू प्रमेय. प्रमाणपण ही कायमची गादी नव्हे, त्या वेळचं काम आहे. अखेरचा न्यायाधीश कुणीच नाही. तरी जो तो दुसऱ्या कुणाच्या तरी पारड्यात बसायला तयार असला, तर व्यवहार चालतो.

मात्र बोर्निओच्या जंगलातल्या बुसांगने या चक्राचं भोक दाखवलं. कॅनडातली ब्रे-एक्स ही कंपनी तिथे सात कोटी औंस सोनं असल्याचं सांगत होती आणि तिच्या समभागांचं मोल सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेलं होतं. प्रयोगशाळेची पद्धत चुकली नव्हती. आकडे एकमेकांशी जुळत होते. फक्त दळलेल्या खडकात प्रयोगशाळेपर्यंत पोचण्याआधीच नदीतल्या सोन्याची पूड मिसळली जात होती. एरवी बोअरमधून निघालेला खडकाचा दांडा, म्हणजे कोर, उभा चिरून अर्धा जपून ठेवायचा असतो. इथे जवळजवळ सगळाच दळला, कारण सोनं विखुरलेलं आहे म्हणे. त्यामुळे मागे वळून पाहायला खडकच उरला नाही. 1997च्या मार्चमध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीच्या माणसांनी जुन्या बोअरांना खेटून नवे बोअर घेतले आणि सोनं जवळजवळ निघालंच नाही. स्ट्रॅथकोना या सल्लागार संस्थेने मे महिन्यात तेच सांगितलं. कॅनडाने 2001मध्ये खाणींच्या अहवालांसाठी कडक नियम आणले, त्यांमागे हे प्रकरण आहे.

मग शब्द कुणाचा प्रमाण मानायचा? आप्ताचा. वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे गोष्ट स्वतः जाणलेला आणि जाणली तशी सांगू इच्छिणारा. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ. बुसांगचे नमुने तपासणारे रसायनज्ञ समोर आलेल्या नमुन्याच्या पोत्याबाबत आप्त होते, डोंगराबाबत नव्हते. लोकांनी त्यांचा पोत्याबद्दलचा शब्द डोंगराबद्दलचा म्हणून घेतला. धर्माच्या चर्चेत 'हजारोंना अनुभव आला आहे' असं कुणी सांगितलं की मला हेच विचारावंसं वाटतं: हजार पोती, की हजार जणांनी उघडलेलं एकच पोतं? गुरूच्या एका वाक्यावर पन्नास टीका झाल्या तरी साक्षीदार एकच असतो. मीमांसक म्हणतील, बाधक ज्ञान उभं राहीपर्यंत आहे ते ज्ञान खरंच धरावं. घरात तसंच वागावं लागतं, नाहीतर जेवणसुद्धा होणार नाही. पण बाधक उभं राहण्याची वाटच कुणी आधी दळून टाकली असेल, तर त्या तत्त्वाचा काय उपयोग? अनुभव सांगणाऱ्यावर मी रागावत नाही. उरलेला अर्धा कोर कुठे आहे, एवढं विचारतो. मेव्हण्याला जे चालायचं ते महाराजांना का चालू नये?

आमच्या प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: नमुना ग्राहकाकडून मिळाला तसा तपासला. कंपन्यांना ती खुपते, गुंतवणूकदार बिचकतात म्हणून काढा म्हणतात. ती काढायची असेल तर बोअरवर माझा माणूस उभा राहील, कोर त्याच्यासमोर चिरला जाईल आणि पोत्याला मोहोर तोच लावेल. त्याचा खर्च कंपनीने द्यायचा. बहुतेकांना मग ती ओळच परवडते.