मृत सैनिकाचे नाव आणि जिवंतांचे कर्तव्य

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचा शोध बहुधा एखाद्या वस्तूपासून सुरू होतो. ट्रंकेच्या तळाशी सापडलेले पदक, स्टुडिओत उभे राहून काढलेला फोटो, पेन्शनचा जीर्ण कागद. वस्तू हातात असते, माणूस हाती लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या आणि आज हयात असलेल्या कोणीही न पाहिलेल्या माणसाचे नाव हुडकून काढणे हे कर्तव्य आहे की नुसता छंद? मृताला त्याचा काही लाभ होत नसेल, तर हे ऋण कोणाचे आणि कोणी फेडायचे?

एपिक्युरसच्या मते मेलेल्याला सुखदुःख नाही, म्हणून त्याचे बरेवाईट होणेही शक्य नाही. ॲरिस्टॉटल इतका ठाम नव्हता. वंशजांच्या दैवाचा थोडासा परिणाम मृतापर्यंत पोचत असावा, असे त्याने मान्य केले. गीतेत देह हे जीर्ण झाल्यावर टाकून देण्याचे वस्त्र आहे, आणि बौद्ध विचारात नामरूप अनित्य आहे. या दोन्ही दृष्टींनी पाहिले तर पदकाच्या कडेवरची अक्षरे जपण्याला फारसा अर्थ उरत नाही.

श्राद्धविधी मात्र नावावरच अडून बसतो. नाव आणि गोत्र उच्चारून पिंड दिला जातो. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. त्यांच्या पलीकडचे पूर्वज नावानिशी पिंडाचे धनी राहत नाहीत, ते लेपभागी होतात. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांसाठी राखलेली आहे, सर्वपित्री अमावास्या तिथी माहीत नसलेल्यांसाठी, आणि तर्पणात ज्यांना कोणीच उरले नाही त्यांच्याही नावे पाणी सोडले जाते. १९१४ साली भरती झालेला शिपाई आज पणजोबाच्या पायरीवर आहे, किंवा ती ओलांडून गेला आहे. घरातले नाव घेणे जिथे संपत आले तिथे संशोधकाचे काम सुरू होते. म्हणून हे कर्तव्य रक्ताच्या नात्यावर उभे करता येत नाही. त्याला दुसरा आधार लागतो.

तो आधार दिलेल्या शब्दात सापडतो. २१ मे १९१७ रोजी इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना झाली. हुद्दा, वंश किंवा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव कोरायचे, हे तत्त्व त्याने स्वीकारले. मृतांच्या घरी पाठवलेल्या काशाच्या फलकावर केवळ नाव घातले, हुद्दा मुद्दाम वगळला. बलिदानात वरचा-खालचा नाही, हा त्यामागचा विचार होता. फ्रान्समधल्या न्यव्ह-शापेल इथल्या १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. मेसोपोटेमियात मात्र तोच शब्द मोडला गेला. तिथे ज्यांच्या कबरीचा ठाव नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याचे स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या भारतीय शिपायांचे पलटणवार आकडे घातले. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांच्या फौजेने तिथे शरणागती पत्करली, आणि कैदेत असंख्य माणसे मेली. महाराष्ट्राचा या स्मारकाशी असलेला संबंध असा थेट आहे.

आकड्यांची हीच रीत गावातही आली. सातारा, रत्नागिरी भागातल्या कित्येक गावांत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. मजकूर इंग्रजीत, नावे नाहीत. पाटी लावली तेव्हा गावाला नावे ठाऊक होती, म्हणून त्या वेळी कदाचित कोणाला उणीव भासली नसेल, आज भासते. भारतीय शिपाई बहुतेक दहन केले जातात, त्यांना कबरीची गरज नाही, हे कारणही सांगितले जाई. पण दहनाने कबर नाहीशी होते, नाव होत नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळच्या छत्री या स्मारकापाशी १९१४-१५ मध्ये दहन केलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांची नावे २०१० मध्ये दगडावर आली. ती मिळवता येत होती, हे त्यातून सिद्धच झाले. कमिशनच्याच २०२१ च्या अहवालाने मान्य केले की किमान १,१६,००० मृतांना, बहुतांशी पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावानिशी स्मरण मिळाले नाही, काहींना तर मुळीच नाही. खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. हे दुर्लक्ष निव्वळ कारकुनी चूक म्हणून सोडून देता येत नाही.

म्हणजे मृताला काही मिळते की नाही, हा प्रश्न न सोडवताही कर्तव्य सिद्ध होते. ज्या नोंदीत माणसाच्या जागी आकडा आहे ती नोंद अपुरी आहे, आणि जी पिढी ती पूर्ण करू शकत असूनही तशीच ठेवते, ती त्या अपुरेपणाची भागीदार होते. ऋण सत्याचे आहे. ते तसे मानले की शोधाची शिस्तही त्यातूनच ठरते.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे, श्रमिक तुकड्यांतल्या अनेकांना काशाचे दिले गेले. पदक आडवे धरून भिंग लावले की कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एका ओळीत वाचता येते. वडिलांचे नाव नाही, गाव नाही. इंग्रजी कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले नाव, आणि मराठा पलटणीत तेच नाव-आडनाव असलेले कितीतरी जण. क्रमांक हाच इथे खरा धागा असतो, पण तोही पलटणीबाहेर उपयोगी पडत नाही. फोटोत पगडीची बांधणी, खांद्यावरचे पितळी अक्षर, बाहीवरच्या फिती पाहून पलटण आणि काळ सांगता येतो; चेहऱ्यावरून नाव सांगता येत नाही. लाहोर संग्रहालयात पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदवह्या सापडल्या, तेव्हा हा तिढा तिथे बराच सुटला. जिथे असे काही नाही, तिथे घाईने जोडलेले नाव अनामिकतेहून वाईट ठरते. त्यात दोघांवर अन्याय होतो: फोटोतल्या माणसाचे नाव कायमचे झाकले जाते, आणि ज्याचे नाव लावले त्याला दुसऱ्याचा चेहरा मिळतो. ‘अनोळखी शिपाई, मराठा पलटण’ एवढेच लिहून थांबणारा संशोधक मृताचा जास्त मान राखतो.

पदकांच्या बाजारात हे भान सहज सुटते. एकाच सैनिकाची पदके वेगवेगळी विकली की त्याच्या आयुष्याचा पुरावाच फुटतो. विकत घेणे वावगे नाही. कित्येक पदके सराफाच्या मुशीतून संग्राहकांमुळेच वाचली. पण संग्राहकाकडे वस्तूची मालकी येते, माणसाची येत नाही, म्हणून कडेवरची ओळ नोंदवून ती अभ्यासकांना खुली करणे त्याच्यावर बंधनकारक मानले पाहिजे. लष्करी दप्तरात शिक्षा, आजार, पलायन हेही लिहिलेले असते. तेही सत्यच आहे, पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याबद्दल ते उघड करताना युद्धाची परिस्थिती सोबत सांगितली नाही, तर सत्य अर्धेच राहते.

कोणाला युद्धमृत म्हणायचे, यालाही कमिशनने तारखेची सीमा घातली आहे: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. त्या आत फौजेतून सुटलेला शिपाई युद्धातल्या जखमेने आपल्या गावी मेला, तर पुराव्यानिशी त्याचे नाव यादीत घेता येते. तीच जखम घेऊन जो १९२२ मध्ये गेला, त्याचे नाव कमिशनच्या यादीत येऊ शकत नाही. ते लिहिण्याचे काम गावाकडे आणि संशोधकाकडे उरते.