नाव आणि त्याची हद्द

एकच शब्द दोन शास्त्रांत दोन निरनिराळे अर्थ वागवतो, ह्याची आपल्या पंडितांना कधी अडचण वाटली नाही. 'गुण' म्हटले की सांख्याला सत्त्व, रज, तम आठवतात, वैशेषिकांचा प्रशस्तपाद चोवीस मोजून देतो, आणि पाणिनीच्या दप्तरी त्याच नावावर अ, ए, ओ ह्या तीन स्वरांची नोंद असते. सूत्रातील शब्दाने स्वतःचे रूपच दाखवावे, मात्र तो व्याकरणाची संज्ञा असेल तर नव्हे, असा अपवाद पाणिनीने पहिल्याच पादात घालून ठेवला आहे.

सी प्लस प्लस ह्या संगणकभाषेत हीच व्यवस्था 'नेमस्पेस' नावाच्या कुंपणांनी लागते. एकात दुसरे, दुसऱ्यात तिसरे अशी ती असतात. आत एखादे नाव नुसतेच उच्चारले, तर कंपायलर, म्हणजे लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, प्रथम त्याच कुंपणात शोधतो, नाही मिळाले तर एकेक हद्द ओलांडीत बाहेर येतो, आणि जेथे ते प्रथम भेटते तेथेच थांबतो. सारे मर्म ह्या थांबण्यात आहे. मी एकदा सर्वांत बाहेर पूर्णांक घेणारे 'गणना' हे फंक्शन लिहिले होते आणि 'हिशेब' ह्या कुंपणात त्याच नावाचे, पण मजकूर घेणारे. आतून 'गणना'ला ५ हा आकडा दिला, तेव्हा आतले 'गणना' आकडा स्वीकारीत नाही अशी तक्रार करून कंपायलर मोकळा झाला, आणि एका हद्दीपलीकडच्या लायक 'गणना'कडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. आधी नाव सापडते, लायकीची चौकशी मागाहून होते.

'मी जाड', 'मी बहिरा' असे म्हणणाऱ्या मनुष्याचा 'मी'देखील असाच पहिल्या भेटीला, म्हणजे देह-इंद्रियांपाशी, थांबलेला असतो. शंकराचार्य त्याला अध्यास, म्हणजे एकावर दुसऱ्याचा आरोप, म्हणतात. पण दिशा उलटी आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. कंपायलर आतून बाहेर जातो. तैत्तिरीय उपनिषद अन्नमय कोशापासून आनंदमयापर्यंत आत आत नेते. उपमा येथे लंगडते, आणि तिला काठी देण्याचा आग्रह मी धरणार नाही.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. मधली सारी कुंपणे टाळून थेट सर्वांत बाहेरचे नाव हवे असेल, तर त्याच्याआधी दोन विसर्गचिन्हे जोडून, म्हणजे चार टिंबे, लिहितात. एरवी त्यांच्या डावीकडे कुंपणाचे नाव येते. येथे ती जागा कोरी असते, कारण सर्वांना पोटात घेणाऱ्या त्या कुंपणाला नावच नाही.