तिचंही पान मांडा

लकडगंजात दुपारी शिरलं की आरामशीनचा आवाज आणि भुशाचा वास बरोबरच अंगावर येतात. नागपूरची ही जुनी लाकूडपेठ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान व्यापाऱ्यांच्या बोलण्यात अजूनही ‘सीपी टीक’ असतं. नागपूर मध्यप्रांताची, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसची, राजधानी होतं तेव्हाचं हे नाव. प्रांत गेला, नाव लाकडाला चिकटून राहिलं. दिल्लीच्या नव्या संसद भवनाचं २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालं, त्यातलं सागवान नागपूरहून गेलेलं आहे, आणि नागपूरकरांना त्याचा अभिमान वाटावा हे साहजिकच आहे.

रोजचं गिऱ्हाईक मात्र आपल्या घरासाठी येतं. दाराची चौकट, देव्हारा, पलंग आणि हल्ली हटकून डायनिंग टेबल. टेबल करायचं म्हटलं की सुतार आधी विचारतो, “घरात माणसं किती?” सहा जणांचं टेबल म्हणजे साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीस इंच उंच. माणशी दोन फूट जागा धरायची, म्हणजे शेजारच्याचं कोपर लागत नाही. हा हिशोब त्याला तोंडपाठ असतो आणि त्यात घरातला प्रत्येक जण धरलेला असतो. टेबल घरी येतं, खुर्च्या लागतात, आणि पहिल्याच जेवणाला हिशोब बदलतो. पाच माणसांच्या घरात चार ताटं मांडली जातात. पाचवं माणूस ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटत असतं.

जेवणाच्या शिस्तीबद्दल आपण मुलांना खूप काही सांगतो. मचमच करू नको, तोंडात घास असताना बोलू नको, दुसऱ्याच्या ताटात बघू नको, मोबाइल बाजूला ठेव. सगळं योग्यच आहे. पण या सगळ्याच्या आधी येणारी एक गोष्ट राहून जाते: किती ताटं मांडायची.

ताट वाढण्याची आपली रीत मला मनापासून आवडते. पान मांडलं की वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. खाली मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, आणि सगळ्यात शेवटी तूप. डावीकडचं बोटानं चाखायचं, उजवीकडचं घासागणिक खायचं, म्हणून जे जास्त लागतं ते जेवणाऱ्या हाताजवळ. उष्टा हात भांड्याला लागू नये म्हणून पाणी डाव्या हातानं घ्यायचं. पाश्चात्त्य टेबलावर काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, पेला सुरीच्या वरच्या बाजूला, आणि बाहेरच्या काट्या-चमच्यापासून सुरुवात करत आत यायचं. साधनं वेगळी, पण जेवणाऱ्याच्या हाताला शोधाशोध करावी लागू नये, ही काळजी तीच.

विदर्भात केळीच्या पानापेक्षा पळसाच्या पत्रावळीचा थाट जास्त. पानं काडीनं टाचलेली, मध्ये कुठे सांध राहिलेली, त्यामुळे वरण पळू नये म्हणून भातात आळं करायला इथलं पोर लहानपणीच शिकतं. आलू-वांग्याची भाजी पत्रावळीवर पडली की तिच्या तर्रीचा ओघळ गोडाकडे जाऊ नये म्हणून पोळीचा तुकडा आडवा लावायचा. पंगतीत बसलेलं पोर हे सगळं शेजारच्याचं पाहून शिकतं. त्यासाठी वेगळा वर्ग लागत नाही.

आणि पंगतीचे नियम. तूप वाढून होईपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. तोवर श्लोक म्हटला जायचा, आणि तो संपेपर्यंत वाढपी शेवटच्या पानाशी पोचलेला असायचा. मग यजमान हात जोडून म्हणायचा, “सावकाश होऊ द्या.” पानावर हात आडवा धरला की वाढप्यानं थांबायचं. आपल्याकडे आग्रह फार. एकदा-दोनदा केला तर तो माया, त्यापुढे पानात टाकायला लावणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पंगत उठायची तीही एकदम. हात वाळला तरी चालेल, पण टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा ताकभात संपेपर्यंत कोणी हलायचं नाही. वाढताना ओळखीच्या पानावर बुंदी जास्त आणि टोकाच्या पानावर परातीचा तळ, असा भेद करणं तर पाप मानलं जायचं. नियमांत जेवणाऱ्याच्या रुबाबाला जागा नव्हती. प्रत्येक नियम शेजारच्याची, मंद जेवणाऱ्याची, टोकाला बसलेल्याची काळजी करणारा होता.

एवढ्या विचारानं आखलेल्या या पंगतीत कित्येकांना मात्र जागाच नव्हती. कोणाला वेगळी पंगत, कोणाला मांडवाबाहेर, कोणाला उरलंसुरलं. ही गोष्ट आपल्या संतांना आणि सुधारकांना टोचत राहिली. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचं अन्न आधी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना वाढलं, ही कथा महाराष्ट्रानं पिढ्यान्‌पिढ्या जपली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हातात खापर घेऊन गावोगाव हिंडले आणि ऋणमोचनला त्यांनी आंधळ्या-पांगळ्यांना मानानं जेवू घातलं. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा सत्यनारायण घातला, दलित दांपत्याच्या हातून पूजा करवली आणि प्रसादाला सगळ्यांना एकत्र बसवलं. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाराच्या लंगरमध्ये आजही कोणीही जावं आणि जमिनीवर ओळीत बसावं. शेजारी कोण आहे हे तिथे विचारत नाहीत. तिथेही त्या ओळीला पंगतच म्हणतात, आणि शीख परंपरेत गुरूच्या भेटीआधी पंगतीत बसायची रीत होती. सम्राट अकबरही गुरू अमरदासांकडे गेला तेव्हा आधी पंगतीत बसला, असं ती परंपरा सांगते.

जातीची पंगत मोडायला एवढ्या लोकांनी जन्म वेचला. घरातल्या पंगतीचा प्रश्न मात्र तेवढ्या मोठ्यानं विचारला गेला नाही, कारण तिथे भिंत दिसत नाही. तिथे माया दिसते. “तुम्ही बसा जी, गरम-गरम खाऊन घ्या, मी बसते मागून,” असं तीच म्हणते, आणि मनापासून म्हणते. तव्यावरचा फुलका थेट ताटात पडणं हे आपल्याकडे सुखाचं टोक आहे. त्या सुखासाठी रोज एकीला उभं राहावं लागतं. ती बसते तेव्हा भाजीचा तळ उरलेला असतो, कोशिंबिरीला पाणी सुटलेलं असतं, वरण गार होऊन घट्ट झालेलं असतं आणि गप्पा संपलेल्या असतात. बाकीचे हात धुऊन टीव्हीसमोर. सहा खुर्च्यांच्या टेबलावर ती एकटी जेवते. कित्येकदा तिथेही नाही, ओट्यालाच टेकून, कढईतच भात कालवून.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषाचा ९७ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. याची कारणं पुष्कळ आहेत, पाळी, बाळंतपणं, जंत, गरिबी. सगळं उशिरा जेवण्यावर ढकलता येणार नाही. पण जी शेवटी जेवते तिच्या वाट्याला पालेभाजी, उसळ, अंडं यांतलं काय आणि किती उरतं, हे ज्याच्या-त्याच्या घरात आज रात्री डोळ्यांनी पाहता येईल. त्यासाठी सर्वेक्षण लागत नाही.

लकडगंजातच एक वेगळी पंगत रोज बसते. दुपारी मशीन बंद होते, कानातला आवाज हळूहळू उतरतो, आणि माणसं हातावरचा भुसा झटकून नळावर जातात. एखादी रुंद फळी दोन ओंडक्यांवर आडवी टाकतात, गमछ्यानं पुसतात, वर वर्तमानपत्र पसरतात. हे त्यांचं टेबल. डबे उघडतात; झाकणात मीठ, हिरवी मिरची, बुक्कीनं फोडलेला कांदा. कोणाची भेंडी, कोणाचं बेसन, कोणाकडे कालचा उरलेला वाटीभर सावजी रस्सा. तो मध्ये येतो, प्रत्येकाची पोळी त्यात एकदा बुडते. पाणी आणायला गेलेला पोरगा परत येईपर्यंत डबे उघडे राहतात, हात मात्र कोणी घालत नाही. त्यातल्या एखाद्याचा डबा आणायचा राहिला असेल, तर कोणी न बोलता आपल्या झाकणावर दोन पोळ्या काढून त्याच्याकडे सरकवतो. जेवणं झाली की फळी पुन्हा थप्पीला लागते. शिष्टाचाराच्या पुस्तकात जे शिकवतात त्यातलं मुख्य सगळं इथे आहे: जागा स्वच्छ करणं, वाट पाहणं, वाटून घेणं, मागायला न लावणं. तो डबा पहाटे उठून भरणारी मात्र या फळीवर नसते. ती घरी कधी जेवली, हे संध्याकाळी विचारायला हवं.

उपाय अवघड नाहीत, सवयीच्या आड येणारे आहेत इतकंच. पोळ्या आधी करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की अर्धा तास मऊ राहतात. फुलकेच हवे असतील तर आळीपाळीनं तव्याशी उभं राहावं. मुलगा राहील, सासरे राहतील, पाहुणा जावईही राहील. भाजी, वरण, भात टेबलाच्या मधोमध ठेवावं, प्रत्येक भांड्यात वेगळी पळी असावी, आणि ज्याला जे हवं त्यानं डाव्या हातानं आपलं वाढून घ्यावं. मीठ, पाणी, लिंबू आधीच मांडलेलं असलं म्हणजे दर दोन घासांनी कोणाला उठवावं लागत नाही. टेबल नीट मांडण्याचं खरं कारण मला हेच दिसतं. दुमडलेले रुमाल आणि मधली फुलदाणी असली तर छान, नसली तरी बिघडत नाही.

ताटं मोजतानाच कामाला येणाऱ्या ताईंचाही विचार व्हावा. त्यांच्यासाठी कडेला ठेवलेला वेगळा कप, वेगळी ताटली अजून कित्येक चांगल्या म्हणवणाऱ्या घरांत आहे. ज्या हातांनी सगळी भांडी घासली त्या हातांना त्याच भांड्यात चहा मिळू नये, याला कसलीच रीत म्हणता येणार नाही. तो कप आजच कपाटातल्या बाकीच्या कपांत मिसळून टाकावा.

आपल्या लग्नघरांत सगळ्यात शेवटी एक पंगत बसते. आचारी, वाढपी, पाणी देणारी पोरं, भांडी घासणाऱ्या बाया. जाणत्या घरात त्या पंगतीला घरचा कर्ता स्वतः वाढतो. पंचा कमरेला बांधून तो परात उचलतो, पहिल्या पंगतीला होतं तेच पक्वान्न, तितकंच, आणि आग्रहही तितकाच. दिवसभर वाकून वाढणाऱ्या माणसाला त्या दिवशी कोणीतरी वाकून वाढतं, तेव्हा त्याचा चेहरा पाहावा. अवघडतो आधी, मग सरसावून बसतो. घरात रोज वाढणारी बाई पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसते तेव्हा तीही अशीच अवघडते. दोनदा उठते, गॅसकडे बघते, काहीतरी विसरलं म्हणते. तिला बसू द्यावं, उठली तर हाताला धरून बसवावं. चार-आठ दिवसांत सवय होते.

आणि तूप वाढायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याला द्यावं. तूप पडल्याशिवाय जेवण सुरू करायचं नाही, हा जुना नियम तेवढा घट्ट पाळावा. ते पोर तुपाची वाटी आणि चमचा सांभाळत प्रत्येक ताटाशी जाईल, आणि एखादं ताट कमी असेल तर सगळ्यांदेखत विचारेल, “आईचं कुठाय?”