नेमलेली जागा, नेमलेली वेळ

मराठवाड्यात मोठा आनंद झाला की फटाके वाजतात. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि हे छोटे गाव राज्याला ठाऊक झाले. पुढे २७ जानेवारी २०२४ ला नवी मुंबईतल्या वाशीत या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटलांनी उपोषण सोडले. २ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या आझाद मैदानावर हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय हाती आला. दोन्ही वेळा मराठवाड्यात ठिकठिकाणी गुलाल उधळला गेला, फटाके वाजले. त्या जल्लोषामागची वेदना खरी होती, आनंदही खरा होता. फटाक्यांचा प्रश्न तपासायचा तर तो अशाच खऱ्या आनंदापाशी तपासला पाहिजे.

एरवी ही चर्चा दिवाळीच्या आठवड्यात सुरू होते आणि भाऊबीजेला संपते. ‘आमच्याच सणावर बंधने का?’ असे विचारणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल वाचावा. त्यात नाताळ आणि नववर्षाच्या रात्रीलाही वेळेची मर्यादा आहे. सरसकट बंदी मागणाऱ्यांनी, अख्ख्या गावाविरुद्ध ती एकटा बीट अंमलदार कशी राबवणार, ते सांगावे. फटाके आपले नव्हेतच, हेही खरे नाही. गोदाकाठच्या पैठणच्या एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातले दारूकामाचे वर्णन अभ्यासक प. कृ. गोडे यांनी कधीच पुढे आणले आहे.

पण एक युक्तिवाद यांहून चिवट आहे, कारण तो सभ्य वाटतो: ‘एकदाच तर वाजवतो!’

एकदाच म्हणजे कधी? दिवाळी झाली की लग्नसराईतल्या वराती, मग ग्रामपंचायतीचा निकाल, नेत्याचे आगमन, त्याचा वाढदिवस, गणपती विसर्जन. वाजवणाऱ्याला प्रत्येक प्रसंग एकदाचाच वाटतो. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र सगळेच येतात.

शिवाय अपाय वर्षाच्या सरासरीने होत नाही. दम्याच्या रुग्णाला ती एक रात्रच काढायची असते. बाळंतिणीच्या खोलीत गंधकाचा धूर शिरला, तर उरलेले ३६४ दिवस हवा चांगली होती, याचा त्या तान्ह्या बाळाला काय उपयोग? गोठ्याशेजारी सुतळी बॉम्ब फुटतो तेव्हा बैल कान टवकारतो, दाव्याला हिसके देतो, मान घासली जाईपर्यंत ओढत राहतो. शेतात सोयाबीनची सुडी लावलेली असते, घरात वेचलेला कापूस असतो. तिथे एक ठिणगी पुरते. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार २९ ऑक्टोबर २०१६ ला पेटला आणि शंभराहून अधिक दुकाने खाक झाली. तीही एकदाच लागलेली आग होती.

आणि बनवणाऱ्यांचे काय? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यात फटाक्यांचे काम हीच अनेक घरांची रोजीरोटी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून महिला कामगारांचे जीव गेले. आपण जी घटकाभराची मौज म्हणतो, तिचा धोका कुणीतरी रोज हाताळत असते.

नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तयार केलेल्या हरित फटाक्यांतून धूलिकण सुमारे ३० टक्के कमी निघतात. हे उपयोगाचे काम आहे, पण हरित फटाकाही गोठ्याशेजारी वाजला तर बैल बुजणारच. म्हणून फटाका कोणता, याच्याआधी तो कुठे आणि कुणाला सांगून वाजवला, हे विचारले पाहिजे.

सांगून केलेली आतषबाजी आणि न सांगता लादलेला आवाज, खरा भेद इथे आहे. सांगितले की आजारी माणसाला आत नेता येते, जनावर लांब बांधता येते, पाण्याचा टँकर उभा ठेवता येतो. न सांगता वाजलेला फटाका शेजाऱ्याला यातले काहीच करू देत नाही. आनंद एकाचा, त्रास दुसऱ्याचा. २०१८ च्या निकालातली दिवाळीची रात्री आठ ते दहा ही वेळ सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालाने फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली, तरी मिरवणुकीत दहा हजारी माळ लागतेच. आधी नेमलेल्या जागी सामूहिक आतषबाजी करावी आणि ती जागा लोकांना कळवावी, ही त्याच निकालातली सूचना तर कुणाच्या गावीही नाही.

खेड्यात हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी १४ ऑक्टोबर २०२३ ची अंतरवाली सराटीची सभा आठवावी. शंभराहून अधिक एकर रान मोकळे झाले, वाहनतळ आखले गेले, पाण्याची सोय झाली, स्वयंसेवक उभे राहिले. लाखोंची सभा पेलणाऱ्या गावाला आतषबाजीसाठी वस्तीबाहेरचे एक पडीक रान नेमणे मुळीच जड नाही. ग्रामसभेने ठराव करावा, दवंडी द्यावी, व्हॉट्सॲपवर कळवावे. पुढचा आनंद साजरा करण्याआधी गावोगावच्या ग्रामसभांनी एवढे जरूर करावे.